साळवेमामांच्या ताडपत्र्या

कांद्याच्या ढिगाजवळ उभं राहून कांद्याकडे न बघणारा माणूस मी एकच पाहिला. लासूर स्टेशनच्या बाजारात साळवेमामा स्कूटर कडेला लावायचे, मफलर सारखा करायचे आणि ढिगांमधून हळूहळू चालत जायचे. नजर मालावर नाही, भावावर नाही, ढिगांवर टाकलेल्या ताडपत्र्यांवर. प्लास्टिकची निळी-पिवळी असली तर पुढे. जुनी, जाड सुती, मळून काळी पडलेली दिसली की थांबायचे आणि वाकून तिचा कोपरा असा उचलायचे, जसं कुणी झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडावरचं दुपटं बाजूला करतं.

"काय बघू लागले, मामा? माल चांगला हाय, हात लावून बघा."

"माल नाय बघत. पांघरूण बघू लागलो."

"पांघरुणात काय ठुलंय?"

"तेच तर बघतो. जरा धीर धर की बापा."

बहुतेक वेळा आतल्या बाजूला काही नसायचं. पण कधीतरी असायचं. कांद्यांच्या अंगाला लागून झोपलेला एखादा निळा हात, हत्तीच्या तोंडाचा मासा, किंवा कासवाच्या पाठीवर वसलेलं आख्खं शहर. मग मामांचा आवाज खाली यायचा. "ही मला द्या. बदल्यात नवी कोरी देतो." शेतकरी लगेच सावध व्हायचा. नवं देऊन जुनं नेणारा माणूस म्हणजे काहीतरी भानगड असणार. एकाने तर सगळ्या शिवणी उसवून बघितल्या, आत काही लपवलंय का म्हणून. दुसऱ्याने मामांनी उलटवून दाखवलेला राक्षस बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "नाय देत मामा. घरी नेऊन लेकरांना दाखवतो." मामांना राग आला नाही. स्कूटरला किक मारताना मला म्हणाले, "चला माय, एक जण तरी कामाला लागला."

जत्रेत नागकन्या, भूतबंगला, जादूचा महाल असले खेळ येतात, त्यांच्या तोंडाशी पूर्वी मोठाले रंगवलेले पडदे असायचे. फ्लेक्स आले तसे कंपन्यांनी ते पडदे काढून विकले. कापड दणकट, त्यावर तेलरंगाचे थर, पाणी आत येत नाही. लोकांनी ताडपत्री म्हणून घेतले. रंगाची बाजू खाली ठेवायची, कारण उन्हाने पापुद्रे निघतात, आणि एका शेतकऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे राक्षसाचं तोंड वर ठेवलं तर बैल बुजतात. हे पडदे रंगवणारे लोक आमच्याच आसपासचे होते. पण त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. पेंटरने देवाचं चित्र काढलं की खाली कोपऱ्यात त्याचं नाव असतं. दुकानाची पाटी रंगवली तरी असतं. जत्रेच्या पडद्यावर नाव टाकायची रीतच नव्हती. अर्धी उघडी नागकन्या काढायची आणि खाली बापाचं आडनाव लिहायचं, हे कुणाच्या हातून होणार?

मामांनी आयुष्याची शेवटची वर्षं एवढंच केलं. पडदे शोधायचे, धुवायचे, सांधायचे, लोकांना दाखवायचे आणि त्याखाली काढणाऱ्याचं नाव लावायचं. पोटापाण्याला पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला, त्यांचं मंडप-डेकोरेशनचं गोडाऊन होतं. लग्नाचे मंडप, जयंतीचं स्टेज, खुर्च्या, पातेली. मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर कुणीतरी शिकलेल्या माणसाने लिहायला हवं होतं. माझी शाळा आठवीत सुटली. पण शिकलेल्या माणसांपैकी कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते आहे. चुकलं तर मामांचं त्यात काही नाही.

मी मूळची गोंदियाकडची. धानाच्या मुलखातून लग्न होऊन इतक्या लांब आले, कारण मालकांना वाळूजला कंपनीत काम लागलं होतं. इथे आल्यावर तोंड उघडलं की शेजारणी हसायच्या, म्हणून मी तोंड उघडणं कमी केलं आणि मशीन चालवत बसले. फॉल, पिको, पिशव्या, दप्तरं. जाड कापड शिवणारी एक बाई पडेगावात आहे, हे कुणीतरी मामांना सांगितलं. ते एका सकाळी दारात उभे राहिले, पाठीमागे हमालाच्या डोक्यावर गुंडाळी.

"नमस्कार माय. हिची कंबर जोडायची हाय."

गुंडाळी उलगडली तर नागकन्या. वरचं अंग एका तुकड्यावर, शेपूट दुसऱ्या तुकड्यावर. आत सासरे बसलेले. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण मामांनी बघितला आणि कापड पालथं केलं. "पाठीकडून शिवा. शिवण दोन्हीकडून सारखीच लागती." मी शिवलं. पूर्ण शिवून होईपर्यंत एकदाही पुढची बाजू बघितली नाही. मामांनी ते पसरून बघितलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उद्यापासून गोडाऊनला या. तिथं सासरे नसत्यात."

त्या एका वाक्यावर माझ्या घरची चूल पुढे कितीतरी वर्षं चालली. मामांचे उपकार मी मोजत नाही, मोजता येणार नाहीत. आणि तरीही आजसुद्धा गावाकडून फोन आला, काय काम करतेस म्हणून विचारलं, तर मी "मंडपाचं शिवणकाम" एवढंच सांगते. राक्षसांचं नाव माझ्या तोंडातून निघत नाही. मामांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, "लाजा माय. लाजणारा माणूस हळू हात लावतो."

गोडाऊनमध्ये नवा पडदा आला की मामा म्हणायचे, "पाहुणं आलंय." मग हमालांना चहा, मला चहा, आणि एक कप पडद्यासमोरच्या स्टुलावर, तो शेवटी स्वतः प्यायचे. पडदा रिठ्याच्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा. जमिनीवर पसरला असेल तर ओलांडायचा नाही. गोडाऊनच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं तर भिंतीला घासत लांबून वळसा. एकदा बिल मागायला आलेला लाइटवाला सरळ राक्षसाच्या पोटावरून चालत आला. मामांनी त्याला तसंच मागे पाठवलं, भिंतीकडून यायला लावलं, मग पैसे दिले. मला शिवताना धास्ती वाटायची की सुई कुणाच्या डोळ्यात जाईल. प्रत्येक वेळी विचारायची, "मामा, इथून घेऊ का?" आणि ते प्रत्येक वेळी उठून यायचे, चष्मा लावून बघायचे आणि म्हणायचे, "घ्या. त्याला दुखणार नाय." कधी कंटाळले नाहीत.

हे सगळं करणारा माणूस आधी नेमकं उलटं करायचा. ते त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही, कुणापासूनच लपवलं नाही. मंडप ठरवायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा सांगायचे, मामी आतून "आता पुन्हा" म्हणून कपाळाला हात लावायच्या.

कंपन्यांनी पडदे विकायला काढले तेव्हा मामा ते विकत घ्यायचे आणि कापायचे. कापून पातेल्यांच्या खोळी, सतरंज्या बांधायच्या पिशव्या, आणि आचाऱ्याला खाली अंथरायला तुकडे. अशाच एका लग्नात आचारी बसून कांदा चिरत होता. जेवायला आलेला एक उतारवयातला माणूस पंगतीला न जाता तिथे येऊन उभा राहिला. मान खाली घालून आचाऱ्याच्या अंथरुणाकडे बघत होता. तेलाने, हळदीने माखलेला एक खांदा होता त्यावर, राक्षसाचा. मामांना वाटलं, पाहुण्यांना काही हवंय. ते जवळ गेले. तो माणूस एवढंच म्हणाला, "बाद में धोते ना इसकू?"

"धोते की," मामा म्हणाले.

आणि ते धुवत नव्हते. कार्य उरकलं की तुकडा गुंडाळून टेम्पोत फेकायचा, फाटला की फेकून द्यायचा. तो माणूस मान हलवून निघून गेला. टेम्पो भरताना मामांच्या डोक्यात उजेड पडला की हा काढणारा होता.

"खोटं बोललो, ते एक," मामा सांगायचे. "पण नाव इचारलं नाय, हे मला सोडत नाय. तोंडसुद्धा बघितलं नाय हो मी त्याचं. मान खाली होती त्याची. मीबी वाकून बघितलं नाय."

तो तुकडा मामांनी त्या दिवशी घरी नेऊन धुतला. हळद गेली नाही. खांद्यावर राक्षसाच्या बंडीची पट्टी होती, आणि बटणाच्या जागी एक सेफ्टी पिन काढलेली होती. साधी घरातली सेफ्टी पिन, उन्हात चमकल्यासारखी. त्या पिनेवरून पुढे मामांना तो हात ओळखता यायला लागला. कांद्यांखाली सापडलेल्या पडद्यांपैकी काही त्याच हातचे होते. त्याच्या प्रत्येक अचाट गोष्टीत घरातलं काहीतरी असायचं. डोंगराएवढ्या राक्षसाच्या गळ्यात विणलेला मफलर, त्याचा एक टाका सुटलेला. कासवाच्या पाठीवर शहर, त्याला घुमट आणि दरवाजे, आणि सगळ्यात उंच घुमटावर दोरी बांधून वाळत घातलेलं धुणं. बाकीच्या पेंटरांची नावं विचारत विचारत सापडली. कुणाचा मुलगा भेटला, कुणाचा जुना भागीदार. या एकाचं सापडेना. मामा त्याला पिनवाले म्हणायचे. "पिनवाल्यांचं नाव लागलं की मी सुटलो," म्हणायचे.

लोकांना दाखवायची मामांची तऱ्हा अशी की ते पडदे लग्नाच्या मंडपात लावायचे. विचारायचे नाहीत. जेवणाच्या बाजूला एक कनात कमी लावायची आणि तिथे पडदा ताणायचा. म्हणायचे, "भरल्या ताटावर बसलेला माणूस उठून जात नाय. त्याला बघावंच लागतं." एका ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नात मफलरवाला राक्षस लावला. झालं असं की नवऱ्या मुलाचे काका तसेच मिशाळ, तसेच डोळे, आणि थंडीचे दिवस, गळ्यात मफलर. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पोरं काकांना त्या चित्राशेजारी उभं करायला ओढू लागली. काका ताट ठेवून तणतणत आले.

"हे कुणाचं काम हाय?"

मामांचा चेहरा उजळला. "नाव सापडलं नाय अजून दादा. शोधू लागलो. तुमच्या वळखीत कुणी जुना पेंटर हाय का?"

"मी लावणाऱ्याचं इचारतोय."

"लावणारा हा काय, तुमच्यासमोर."

काका परत ताटावर गेले. पण त्या घराण्यातली पुढची सगळी लग्नं दुसऱ्या मंडपवाल्याकडे गेली. मामी म्हणायच्या, "लोक मंडप बोलवत्यात, हे भूत घेऊन जात्यात." मामा म्हणायचे, "भूत नाय, राक्षस हाय." मामी म्हणायच्या, "घरात एक हाय तेवढं बास हाय." पण धुतलेल्या पडद्यांना डांबरगोळ्या घालून ठेवायचं काम मामींचंच होतं, आणि त्या ते कुणाला करू द्यायच्या नाहीत.

पिनवाल्यांचा पत्ता शेवटी पाचोडच्या आठवडी बाजारात लागला. तिथे एक म्हातारा बांगड्या विकतो, तो पूर्वी जत्रेच्या कंपनीत गेटवर ओरडायचा. मामांनी त्याला सेफ्टी पिनेबद्दल विचारलं. तो हसायला लागला. "वाहेद पेंटर. त्याला कामून इकडं शोधता? तो पडेगावलाच ऱ्हातो की. मंडपवाल्याचं गोडाऊन हाय ना, त्याच्या मागच्या गल्लीत."

येताना मामांनी स्कूटर हळू चालवली. पडेगावच्या वळणावर म्हणाले, "त्या गल्लीत मी खुर्च्या दिल्यात माय. कितीदा दिल्यात."

लगेच गेले नाहीत. आज जातो, उद्या जातो. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन दूध घेऊन परत आले. शेवटी म्हणाले, "तुम्ही चला संगं. तुकडा तुमच्याजवळ ठेवा." मी धुतलेला तुकडा साडीच्या घडीसारखा पिशवीत घातला आणि त्यांच्या मागे गेले.

घर मुलाचं होतं. मुलगा शाळेत मास्तर, घर नीटनेटकं, भिंती पांढऱ्याशुभ्र, त्यावर काही नाही. वाहेदभाई पलंगावर बसून नातीची पेन्सिल ब्लेडने टोक करत होते. मामांनी नमस्कार केला, आणि बसायच्या आधी सगळं सांगून टाकलं. पडदे, कापाकापी, लग्न, कांदा, हळद. "मी म्हणालो होतो धोते की. खोटं बोललो होतो." मी तुकडा उलगडून पलंगावर ठेवला.

वाहेदभाईंनी पिनेवर बोट ठेवलं.

"मेरी बंडी का बटन टूटा था," ते म्हणाले. "सामने वही दिख रहा था, वही बना दिया।"

"मग तुम्हीच," मामा म्हणाले.

"वो शादी मेरेकू याद नै।"

इतकी वर्षं जे वाक्य त्यांनी पोटात सांभाळलं, ते बोलणाऱ्याला आठवतच नव्हतं.

"इसपे खाना बना ना?" वाहेदभाईंनी विचारलं.

"व्हय. लई लग्नांचं."

"फिर अच्छा हुआ। किसी के काम तो आया।" आणि मग, आत सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी त्यांची बाजू सांगितली. पडद्यावर ते सात डोक्यांचे राक्षस काढायचे, कासवावरची शहरं काढायचे. खेड्यातले लोक ते बघून तिकीट काढायचे. आत काय असायचं, तर कापडाची शेपूट नेसून बसलेली एक दमलेली पोरगी आणि एक आरसा. "लोकां बाहर आके गाली देते थे। मैं वहीं सीढ़ी पे बैठके रंग घोटता था। चित्र मेरा देखके गए थे ना, तो गाली बी मेरीच। एक बुढ्ढी तो मेरेकूच बोली, बेटा, इतना अच्छा झूठ कायकू बनाता? उसके बाद दो-तीन जत्रा किया, फिर छोड़ दिया।"

मामा पुढे सरकले. "आत काय नव्हतं, ते कंपनीचं. बाहेर होतं ना. जे होतं ते बाहेरच होतं. आम्ही मोकळ्या जागेत लावणार, सगळेच पडदे. तिकीट नाय, आत जायाचं नाय. खाली तुमचं नाव. ह्या बाई धाग्यानं शिवत्यात."

"नक्को।"

"वाहेदभाई, बाकीच्यांची लावलीत."

"बाकीच्यां की उनकू मालूम। मेरे बेटे कू स्कूल में बच्चे सलाम करते। पोती बड़ी हो रही। नाम नक्को।" मग म्हणाले, "लिखनाच है तो लिखो, अंदर कुछ नहीं है। वो उस टाइम लिखना था, लिखने नै दिए।"

वाहेद हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांनी नको म्हटलं ते मी इथेही पाळलं आहे.

परत येताना मामा गोडाऊनच्या दाराशी थांबले, आत आले नाहीत. मला वाटलं, माफी मिळाली म्हणून मोकळे झाले असतील. ते म्हणाले, "त्यो म्हणतो बरं झालं. आता मी काय करू माय? रागावला असता तर पाय तरी धरले असते." मी पिशवी घेऊन उभी राहिले.

पडदे लावायचा दिवस ठरला. गोडाऊनशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांबू रोवले, दुपारपासून सगळे मिळून ताणत होते. प्रत्येक पडद्याखाली मी शिवलेली पांढरी पट्टी, तिच्यावर काळ्या कापडाची अक्षरं. मामांना रंगाने लिहिलेलं नको होतं. "रंग धुतल्या जातो. टाका राहतो." वाहेदभाईंच्या पडद्यांखाली मी त्यांनी सांगितलं तसं मराठीत शिवलं होतं. आत काही नाही. बाहेरूनच बघा.

त्याच सकाळी मामा माझ्या मशीनजवळ येऊन उभे राहिले होते. हातात हळदीचा तो तुकडा.

"ह्यालाबी एक पट्टी पायजे."

"काय शिवू?"

त्यांनी सांगितलं. मी पाय मशीनवरून काढला. "मामा, हे नको. लोक येणार, कॉलेजची पोरं येणार, तुमचे जावई येणार."

"म्हणूनच."

"मामींना विचारलं का?"

"तिला वाचता येतंय की. वाचंल." मग ते स्टुलावर बसले आणि हळू म्हणाले, "त्यांनी त्यांच्या नावाला नको म्हणलं, तो त्यांचा हक्क हाय. माझ्या नावाला नको म्हणणारा मी कोण? शिवा."

मी शिवलं. अक्षरं कापताना माझे कान तापले होते, जसं काही ते माझंच नाव आहे. कापणारा: विठ्ठल साळवे, मंडपवाला, पडेगाव.

ऊन उतरल्यावर माणसं यायला लागली. बांगड्यावाला पाचोडहून आला. लासूरचे दोन-तीन शेतकरी आपली ताडपत्री कुठली ते शोधत फिरत होते आणि सापडली की घरच्यांना दाखवत होते. पोरं पट्टी वाचून खात्री करायला पडद्यांच्या मागे पळत होती आणि खरंच काही नाही म्हणून हसत परत येत होती. जावई तुकड्यासमोर थांबले, वाचलं, इकडेतिकडे बघितलं आणि मामींना बाजूला घेऊन काहीतरी म्हणाले. मामी म्हणाल्या, "मला नका सांगू. मला आधीच माहीत हाय त्यांचं." पण त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला, तो शेवटपर्यंत मागे घेतला नाही.

मी मागे होते. गर्दीत पुढे उभं राहणं मला जमत नाही. पडदे ताणलेले राहावेत म्हणून मी दोऱ्या बघत मागून फिरत होते, आणि दोन पडद्यांच्या फटीतून पुढचं जेवढं दिसेल तेवढं बघत होते.

वाहेदभाई नातीचा हात धरून आले. कुणी त्यांना ओळखलं नाही. स्वतःच्या पडद्यांसमोरून ते थांबून थांबून गेले, चेहरा जरासुद्धा न हलवता. कासवाच्या शहरासमोर नात म्हणाली, "दादा, वो कपड़े गिर जाएंगे ना?" ते म्हणाले, "नै गिरते।" मग तुकड्यापाशी आले. पट्टी वाचली. मामा शेजारीच उभे होते. माणसं यायला लागल्यापासून ते तिथेच उभे होते, बाकी कुठल्याच चित्रापाशी गेले नाहीत. गुडघा दुखत होता म्हणून सारखा भार या पायावरून त्या पायावर घेत होते.

"ये कायकू लिखे?" वाहेदभाई म्हणाले. "निकालो।"

"तुमचं लावू देता? मग काढतो."

वाहेदभाईंनी एक खुर्ची ओढली आणि मामांच्या बाजूला ठेवली. "बैठो तो। कब तक खड़े रहते?"

"राहू द्या. बरा हाय."

खुर्ची तशीच रिकामी राहिली. दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहिले. तेवढ्यात एक बाई, कडेवर लेकरू, तुकड्यापुढे येऊन थांबली. लेकराने पिनेकडे बोट दाखवलं, घ्यायला हात पुढे केला. बाईने पट्टीवरून नजर फिरवली, पण तिला वाचता येत नसावं, किंवा दिसलं नसावं. तिने मामांना विचारलं, "कुणी काढलंय हो हे?"

मामांनी वाहेदभाईंकडे बघितलं. मीही बघितलं. हातातली दोरी मी इतकी घट्ट धरली होती की पडदा एका बाजूने वर उचलला गेला. वाहेदभाई खाली वाकले आणि नातीच्या सँडलचा पट्टा लावायला लागले. तो लागलेलाच होता. त्यांनी तो काढला आणि पुन्हा लावला.

मामांनी त्यांचं वाकणं पूर्ण होईपर्यंत वाट बघितली. मग त्या बाईकडे वळले, ओळखदेख नसलेल्या त्या बाईला हात जोडले आणि म्हणाले, "काढणारे लई मोठे हायत. मी कापणारा."